दुसऱ्याच्या देशातला छळ आणि आपण

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. नातेवाइकांपैकी काहींना तो आवडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण सत्तरी ओलांडल्यावर माणसाने कोणाला काय आवडेल याचा फार विचार करू नये, असं माझं मत आहे. (आणि एवढ्यावरून कोणी माझं पेन्शन बंद करणार नाही!)

निमित्त झालं ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. आमच्यातल्या एकांनी तिथे एक जुना व्हिडिओ टाकला. २०१४-१५ च्या सुमारास इराक आणि सीरियाचा बराच मुलूख 'इस्लामिक स्टेट' या अतिरेकी संघटनेच्या ताब्यात होता. समलिंगी असल्याचा आरोप ठेवून ते लोक पुरुषांना उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली ढकलून देत. वर त्याचं चित्रीकरण करून साऱ्या जगाला दाखवत. त्यातलाच हा एक. मी तो पुरता पाहिला नाही. खालच्या प्रतिक्रिया मात्र सगळ्या वाचल्या.

प्रतिक्रिया तीन प्रकारच्या होत्या. पहिली : "बघा, हे लोक असेच!" आणि 'हे लोक' म्हणजे एक अख्खा धर्म. दुसरी : "त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय करायचंय?" तिसरी शब्दांत नव्हतीच. नुसते हसणारे पिवळे चेहरे. एक माणूस गच्चीवरून खाली पडतोय आणि आपण हसतोय. का, तर तो 'तसला' होता म्हणून.

दोन दिवस मला काही सुचेना. मग वाटलं, आपण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तर तिथेच काही सापडतं का पाहू. प्रश्न तसा सोपा आहे. दूर कुठेतरी अतिरेकी लोक एखाद्या गटाचा छळ करतात. आपण त्या देशाचे नाही, त्या गटाचेही नाही. अशा बाहेरच्या माणसाने काय करावं? ओरडावं, गप्प बसावं, की आणखी काही?

पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात घेऊ या. एके काळी आपण भारतीयच अशा 'व्हिडिओ'त होतो आणि बाहेरचे लोक आपल्याकडे बघत होते. सन १९२७. कॅथरीन मेयो नावाच्या अमेरिकन बाईंनी 'मदर इंडिया' हे पुस्तक लिहिलं. बालविवाह, कोवळ्या वयातली बाळंतपणं, सुइणींची अस्वच्छता, विधवांचे हाल, अस्पृश्यता, सगळं त्यात होतं. पुस्तक अमेरिकेत आणि इंग्लंडात धडाधड खपलं. आपल्याकडे संतापाची लाट उसळली, सभा झाल्या, पुस्तकाच्या होळ्या झाल्या. गांधीजींनी त्याला गटार तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल म्हटलं. पण भारतीयांनी ते वाचलं तर त्यांचा काही फायदाच होईल, असंही म्हटलं. गांधीजींचा हा मोठेपणा.

आता खरं सांगायचं तर मेयोबाईंनी लिहिलेलं सगळंच खोटं नव्हतं. माझ्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यात ती सासरी गेली तेव्हा तिला नऊवारी नेसताही येत नव्हतं. तिच्या पहिल्या दोन बाळंतपणांबद्दल ती कधी बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. तेव्हा मेयोबाईंनी खोटंच लिहिलं, असं म्हणण्याची माझी छाती नाही.

मग राग कशाचा आला? तर त्या दुःखाचा त्यांनी जो उपयोग केला त्याचा. 'हे लोक असे आहेत, म्हणून ते स्वराज्याला लायक नाहीत', हा पुस्तकाचा सूर होता. दोनच वर्षं आधी, १९२५ साली, फिलिपिन्सवर पुस्तक लिहून त्यांनी तिथेही जवळपास हाच निष्कर्ष काढला होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना पुस्तकासाठी मदत केल्याचं पुढे संशोधकांनी कागदपत्रांवरून दाखवलं. म्हणजे माझ्या आजीसारख्या मुली हे त्यांच्या हातातलं हत्यार होतं. त्या हत्याराने मारायचं दुसऱ्याच कोणाला तरी होतं. आजीला त्या पुस्तकाचा काय उपयोग झाला? काही नाही.

त्याच १९२७ साली आणखी एक परदेशी बाई याच प्रश्नावर काम करत होत्या. मार्गारेट कझिन्स. मूळच्या आयर्लंडच्या. १९१५ साली भारतात आल्या त्या इथल्याच झाल्या. १९१७ साली मद्रासजवळ अड्यारला त्यांनी इथल्या बायकांबरोबर स्त्रियांची संघटना उभी केली. पुढे गावोगावच्या बायकांना पत्रं पाठवून एकत्र यायला सांगितलं. त्यातूनच जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्षस्थानी कझिन्सबाई नव्हत्या, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. विषय मुलींच्या शिक्षणाचा. पण मुलीचं लग्नच नवव्या वर्षी लागत असेल तर शिक्षण कधी होणार? म्हणून बायकांनी लग्नाच्या वयाचाही प्रश्न हाती घेतला. मेयोबाईंचं पुस्तक आल्यावर या बायकांनी त्याचा निषेध केला. पण नुसता निषेध करून त्या घरी बसल्या नाहीत. 'देशाची बदनामी झाली म्हणता ना, मग आता कायदा करा', असं म्हणून त्यांनी पुढाऱ्यांना धरलं. १९२९ साली शारदा कायदा झाला. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. कायदा बरीच वर्षं कागदावरच राहिला हे खरं, पण पाया घातला गेला.

आणि कझिन्सबाई? १९३२ साली सरकारच्या दडपशाहीविरुद्ध भाषण केलं म्हणून त्या तुरुंगात गेल्या. म्हणजे या देशासाठी त्यांनी स्वतः किंमत मोजली.

आता या दोन बायका शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघी बाहेरच्या. दोघींना दिसलेलं दुःख एकच. एकीने ते दुःख उचलून तिसऱ्याच्या डोक्यात घातलं. दुसरीने ज्यांचं दुःख होतं त्यांना बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला राहून काम केलं. गच्चीवरच्या व्हिडिओखाली 'हे लोक असेच' लिहिणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की आपण यातल्या कोणत्या बाई?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आपण जे बोलतो, करतो, त्याचा त्या छळ होणाऱ्या माणसाला उपयोग काय?

दुसरा धडा जर्मनीचा आहे. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड नावाचे ज्यू डॉक्टर होते. समलिंगी असणं हा गुन्हा नाही आणि रोगही नाही, असं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सांगत होते. १९१९ साली त्यांनी बर्लिनला लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३१ साली ते जगप्रवासात भारतातही येऊन गेले, अलाहाबादला पंडित नेहरूंना भेटले. त्यांच्या प्रवासवर्णनात मेयोबाईंच्या पुस्तकावरही टीका आहे. हिर्शफेल्ड प्रवासात असतानाच जर्मनीतलं वारं फिरलं. ते मायदेशी परतलेच नाहीत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची संस्था लुटली, आणि चारच दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. पुस्तकांच्या त्या होळीची चित्रं आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहतो. त्या आगीत काय जळत होतं, हे मात्र सहसा लिहिलेलं नसतं.

नाझी राजवटीत १७५ या कलमाखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. त्यांतले अंदाजे ५ ते १५ हजार छळछावण्यांत गेले. त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. १९४५ साली दोस्त सैन्याने छावण्या मुक्त केल्या. आणि मग काय झालं? ज्यू कैदी सुटले, राजकीय कैदी सुटले. गुलाबी त्रिकोणवाल्यांपैकी काहींना मात्र उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावं लागलं! कारण १७५ कलम कायमच होतं. नाझींनी ते जास्त कडक केलं होतं, आणि पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत ते तसंच चाललं. पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं.

जगाला हिटलरपासून सोडवणाऱ्यांना हे दिसलं नाही का? दिसलं असणार. पण त्यांच्या स्वतःच्या घरी तोच कायदा होता. इंग्लंडात हा गुन्हा १९६७ पर्यंत होता. ज्या अ‍ॅलन ट्युरिंग यांनी जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायला मदत केली, त्यांनाच इंग्लंडने १९५२ साली याच गुन्ह्याखाली दोषी ठरवलं. दोन वर्षांत ते गेले. आपल्याच घरात जे चालतं, ते दुसऱ्याच्या घरात खटकत नाही. आणि खटकलं तरी बोलायला तोंड राहत नाही.

इथे आपणही जरा आपल्या घरात डोकावू या. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, त्यात ३७७ कलम घातलं. तेच कलम मग त्यांनी इतर वसाहतींतही नेलं. पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, मलेशिया इथे आजही ते ३७७ याच आकड्याने नांदतंय. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी त्याचा दात काढला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परत बसवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच तो कायमचा काढला. २००९ च्या निकालाविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ख्रिस्ती संघटना होत्या, रामदेव बाबांच्या गोटातलेही होते. एरवी एकमेकांच्या पंगतीला न बसणारे लोक इथे एका पानावर जेवले! तेव्हा हे 'त्यांच्यातच' असतं, असं म्हणायला आपल्याला फारशी जागा नाही.

"आपल्या संस्कृतीत हे नव्हतंच", असंही कोणी म्हणेल. त्यावर मी एवढंच म्हणेन, की आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे राहत. १९२६ साली ते इथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना त्या सनातनी वळणाच्या ब्राह्मणाने काहीही झाकून ठेवलं नाही. स्त्री-पुरुष संबंधांच्या रीती काळाप्रमाणे किती बदलत गेल्या, हे जुन्या ग्रंथांतूनच काढून दाखवलं. संस्कृतीचं नाव घेणाऱ्याने आधी ती वाचावी, एवढी तरी अपेक्षा आहे.

बाहेरच्या माणसाने कसं उभं राहावं, याचं आपल्याच मराठी मुलखातलं उत्तम उदाहरण १९३४ चं आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. (पुन्हा १९२७! काय वर्ष होतं ते.) वाचक त्यांना लैंगिक जीवनाबद्दल खाजगी प्रश्न विचारत आणि ते सरळ, शास्त्राच्या आधाराने उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. ही उत्तरं अश्लील आहेत म्हणून त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू लढवायला कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

विचार करा. पुणे करार होऊन दीड वर्षंच झालेलं. बाबासाहेबांच्या खांद्यावर कोट्यवधी दलितांचा भार. हा खटला घेऊन त्यांना एक मत मिळणार नव्हतं, उलट शिव्याच मिळणार होत्या. प्रश्न विचारणारा तो अनामिक वाचक त्यांचा कोणीही नव्हता. तरी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांचे दाखले देत सांगितलं, की विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. वाचकांना प्रश्न पडतात तर उत्तर मिळालंच पाहिजे, आणि ज्याला ज्यात नैसर्गिकपणे सुख वाटतं त्याला विकृत म्हणून मोकळं होता येत नाही. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मला वाटतं, त्या वाचकाला पहिल्यांदा कळलं असेल की आपल्या बाजूने बोलणारा कोणीतरी आहे. माझ्या कसोटीला हे पुरेपूर उतरतं.

"ते मोठे लोक, आपण जळगाव-धुळ्याची साधी माणसं, आपला जगाशी काय संबंध?" असं म्हणणाऱ्यांना मी फैजपूरची आठवण देते. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या खानदेशातल्या फैजपूरला झालं. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या साहित्यातून सारा परिसर सजवला होता. अध्यक्ष होते पंडित नेहरू. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या माणसांपुढे नेहरू कशाबद्दल बोलले? शेतसारा आणि कर्जाबद्दल तर बोललेच, पण स्पेनमधल्या यादवीबद्दल आणि फॅसिझमबद्दलही बोलले. तिथे लोकशाही हरली तर आपलीही लढाई हरल्यासारखीच आहे, असा त्यांचा सूर होता. ज्यांनी स्पेनचं नाव आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असेल, अशा माणसांनी ते ऐकून घेतलं. 'आपल्याला काय करायचंय' हे खानदेशाचं उत्तर तेव्हा नव्हतं.

दोनच वर्षांनी, १९३८ साली, काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. मदतीची मागणी चीनकडून आली होती, हे महत्त्वाचं. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांनी तिथे जाऊन भाषणं दिली नाहीत. चिनी भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला.

आता आजच्या काळात येऊ. शेजारच्या बांगलादेशात २०१४ साली 'रूपबान' नावाचं समलिंगी लोकांचं मासिक निघालं. नाव बंगाली लोककथेतल्या नायिकेचं. जुल्हाज मन्नान हे त्याचे संपादक. २५ एप्रिल २०१६ रोजी मारेकरी ढाक्यातल्या त्यांच्या घरी शिरले आणि त्यांना व त्यांचे मित्र महबूब रब्बी तनय यांना कोयत्याने तोडून मारलं. 'अल् कायदा'शी जोडलेल्या गटाने जबाबदारी घेतली. २०२१ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. आता एक गोष्ट बघा. मारणारे मुसलमान होते, तसे मेलेलेही मुसलमान घरातलेच होते. 'हे लोक असेच' म्हटलं की आपण जुल्हाजलाही त्याच्या मारेकऱ्यांच्या रांगेत उभं करतो. मारेकऱ्यांनाही हेच तर म्हणायचं होतं, की आमच्या समाजात असे लोक नसतातच.

रशियातल्या चेचेन्यात २०१७ साली समलिंगी पुरुषांना पकडून कोंडून मारहाण केली जात होती. ही बातमी बाहेर काढली रशियातल्याच 'नोवाया गझेटा' या वर्तमानपत्राने. तिथल्याच एका संघटनेने शंभरावर माणसांना तिथून गुपचूप बाहेर काढलं. बाहेरच्यांपैकी कॅनडाने आधी काही बोभाटा न करता काही डझन लोकांना आसरा दिला. आधी माणसं सुखरूप पोचली, मग बातमी आली. बाहेरच्याने मदत करायची ती अशी.

उलट उदाहरण युगांडाचं. तिथे २००९ साली अमेरिकेतले काही धर्मप्रचारक जाऊन समलिंगी लोकांविरुद्ध व्याख्यानं देऊन आले. त्याच वर्षी कडक कायद्याचं विधेयक आलं. म्हणजे तिथेही आगीत तेल ओतणारे बाहेरचेच होते! २०११ च्या जानेवारीत डेव्हिड काटो या कार्यकर्त्याचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी असे कायदे करणाऱ्या देशांची मदत कापण्याची भाषा केली. ऐकायला बरं वाटतं. पण आफ्रिकेतल्या अनेक कार्यकर्त्यांनीच पत्रक काढून सांगितलं, की असं करू नका. मदत तुटली की दवाखाने आमचेही बंद होतात, आणि लोक म्हणतात की हे सगळं तुमच्यामुळे झालं. म्हणजे राग आमच्यावरच निघतो. २०२३ साली तिथे आणखी भयंकर कायदा झाला, काही प्रसंगी मृत्युदंडाचा. म्हणून बाहेरच्यांनी गप्प बसावं का? मुळीच नाही. पण पाऊल टाकण्याआधी ज्यांच्यावर बेतलंय त्यांना विचारावं. कुठे ते म्हणतील ओरडा, कुठे म्हणतील हळू बोला, कुठे म्हणतील नुसता दरवाजा उघडा ठेवा. ते तिथे राहतात, त्यांना जास्त कळतं.

मग आपण इथे बसून काय करावं? पहिलं म्हणजे तो व्हिडिओ पुढे पाठवू नये. तो मारेकऱ्यांनीच काढला होता, आणि तो हातोहात फिरावा हीच त्यांची इच्छा होती. आपण पुढे पाठवतो तेव्हा त्यांचंच काम फुकटात करतो. बातमी जरूर वाचावी, तिथल्या माणसांनी लिहिलेली वाचावी. पैशाची मदत करायची तर नीट चौकशी करून अशा लोकांना आसरा देणाऱ्या संस्थेला करावी. परदेशातल्या आपल्या मुलाबाळांच्या शेजारी असा कोणी जीव वाचवून आलेला माणूस असेल, तर त्याला दिवाळीला घरी जेवायला बोलवावं. हेही कमी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दूरच्या छळावर आपण जे बोलतो, ते तिथल्या अतिरेक्याला ऐकू जात नाही. ऐकतो तो आपल्याच घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी. आमच्या ग्रुपमध्ये साठ माणसं आहेत. त्यांत एखादंही लेकरू तसं नसेल, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल? त्या लेकराने तो व्हिडिओ पाहिला असेल. आणि मग खाली आपल्या काकांचे, आत्याचे हसणारे पिवळे चेहरे पाहिले असतील. त्या दिवशी त्याला कळलं असेल, की आपल्या घरात कोणाशी बोलायचं नाही.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नाव किती जणांना आठवतं? नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. कवी माणूस. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. फेब्रुवारी २०१० मध्ये दोघे जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे खाजगी क्षण चित्रित केले. घुसणारे मोकळे आणि निलंबित झाले ते सिरस. राहतं घरही सोडायला लावलं. दिल्लीचा निकाल येऊन तेव्हा सात महिने झाले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृत सापडले. त्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेकांना हे नाव प्रथम कळलं.

इथे ना कोणी अतिरेकी संघटना होती, ना उंच गच्ची. शिकलेली, प्रतिष्ठित माणसं होती आणि एक कॅमेरा होता. आयुष्यभर परक्या मुलखात मराठी शिकवलेल्या एका माणसाला घराबाहेर काढायला तेवढं पुरलं.

पण चांगलंही घडतं, तेही आपल्याच जिल्ह्यात. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. तो नाकारला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना उभं राहू दिलं. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. पण 'आपल्यातला नाही' म्हणून ज्यांना बाजूला काढलं जातं, ती रांग एकच. तर मतदान झालं आणि अंजलीताई निवडून आल्या. भादलीच्या मतदारांनी जगाला काही उपदेश केला नाही, कुठे निषेधाचा ठराव केला नाही. शेतातून घरी येता-येता शिक्का मारला, एवढंच.

मला तरी बाहेरच्या माणसाचं काम इथूनच सुरू होतं असं वाटतं. जो आपल्या गावात माणसाला माणूस म्हणून उभं राहू देतो, त्याच्या तोंडून ढाका आणि चेचेन्याबद्दलचा शब्द खरा वाटतो.

असो. फार लिहिलं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, वाद घालायला मी तयार आहे. आणि घरातल्या तरुण मंडळींपैकी कोणाला चारचौघांत न बोलता येणारं काही बोलायचं असेल, तर माझा फोन नंबर तुमच्याकडे आहेच. दुपारी दोन ते चार झोपते, एरवी कधीही करा.